जुन्या पियानोच्या 'फ्लँज' आणि 'बट' कुणी बनवून देईल का? (अंबाजोगाई)

मोमिनाबादी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी एक जुना उभा पियानो आहे. पणजोबांनी छावणीतल्या लिलावात घेतला असं घरात सांगतात. तेव्हा आमचं गाव मोमिनाबाद. इथे हैदराबाद कंटिन्जंटचं (निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचं) घोडदळ असायचं. १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात घेतलं गेलं, मग साहेब लोक हळूहळू हलले आणि जड सामान इथेच विकून गेले, त्यातला हा. पणजोबांना वाजवता येत नव्हता, आजोबांनाही नाही. आत्या दोन वर्षं शिकली, लग्न होऊन गेली, आणि मग आजीने वरच्या झाकणावर चाळीस वर्षं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. तेलाचे गोल डाग अजून आहेत.

दिवाळीत उघडला. आतली परिस्थिती अशी:

पट्ट्या ८५ आहेत, ८८ नाहीत. समोरचं नाव खरवडून गेलंय, फक्त 'लंडन' वाचता येतं. आतल्या यंत्रणेच्या लाकडी पट्टीवर मात्र 'हर्बर्गर, पॅरिस' असा शिक्का स्पष्ट आहे. हातोड्यांच्या खालच्या सगळ्या सुती फिती उंदरांनी नेल्या. हातोडी मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा ज्या दोऱ्याच्या फाशात अडकतात, ते १४ फासे तुटलेत. तीन फ्लँजचे कान मोडलेत. दोन खर्जाच्या तारा नाहीत. पाच पट्ट्यांचं हस्तिदंत उडालंय.

आणि एक हातोडी मुळात नाहीच. बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातून एक गृहस्थ दुरुस्तीला आले होते. "नमुना म्हणून नेतो, तसाच बनवून आणतो" म्हणून बटसकट हातोडी घेऊन गेले. आगाऊ पैसेही गेले, हातोडीही गेली. बरोबर मधल्या सप्तकातली 'पांढरी एक' (इंग्रजी C)!

ज्यांना बट, फ्लँज माहीत नाही त्यांच्यासाठी: बट म्हणजे हातोडीच्या दांड्याखालचा अंगठ्याएवढा लाकडी ठोकळा. फ्लँज म्हणजे त्याची बिजागरी. एका बाजूला स्क्रूचं भोक, दुसऱ्या बाजूला दोन कान, कानांतून पिन, पिनेवर बट फिरतं. बस्स.

बाहेरून मागवावं की इथेच बनवावं? कुणी केलंय का?

शंकासुर (लातूर)

पियानो विका, त्याच पैशात चांगला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येईल. त्याला उंदीर खात नाहीत. (खातात. वायरी खातात. पण निदान हातोडी नमुना म्हणून कोणी नेत नाही.)

मोमिनाबादी

शंकासुर, विकायला काढला तर भंगारवाला आतल्या बिडाच्या सांगाड्याचा भाव करतो. किलोवर. एकाने केलाही होता.

तारसप्तक (पुणे)

तीस वर्षं ट्यूनिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शिक्क्याबद्दल. हर्बर्गर म्हणजे पॅरिसचं श्वांडर घराणं. हे पियानो बनवत नसत, फक्त आतली यंत्रणा बनवत. पियानोवर नाव लंडनचं असो की बर्लिनचं, पोटात यांचाच माल, असं खूप होतं. १९२० मध्ये ते इंग्लंडच्या ब्रूक्सबरोबर एक झाले आणि 'हर्बर्गर ब्रूक्स' असा शिक्का सुरू झाला. तुमच्याकडे फक्त पॅरिस आहे म्हणजे बहुधा त्याआधीचा. फासा आणि स्प्रिंग ही तर श्वांडरची ओळखच.

बाहेरून मागवायचं म्हणाल तर जर्मनीत रेनरसारखे लोक आहेत, १८८२ पासून हाच धंदा. पण आजचे भाग आजच्या मापाचे. तुमच्या ८४ जुन्यांत एक नवा बसवायचा तर बोटाला लगेच कळेल. पूर्ण संच बदलायचा तर पियानोच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. तीन फ्लँज आणि एक बट एवढंच असेल तर इथेच करा.

आता तीन गोष्टी नीट ऐका.

एक, मोडलेलं काहीही फेकू नका. कानाचा तुकडा, गंजकी पिन, फाशाचा उरलेला दोरा, सगळं एकेका पाकिटात, वर पट्टीचा नंबर. पियानोचे भाग नवे मिळत नाहीत ही अडचण आहेच, पण माझ्या अनुभवात त्याहून मोठी अडचण म्हणजे आधीच्या दुरुस्तीवाल्याने जुना तुकडा टाकून दिलेला असतो.

दोन, आकाराच्या मागे लागू नका. गोलाई थोडी इकडेतिकडे झाली तर कोणी विचारत नाही. माप घ्यायचं ते भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत. फ्लँजमध्ये स्क्रू ते पिन. बटमध्ये पिनेपासून ती खाच जिथे खालून ढकलणारा जॅक टेकतो तिथपर्यंत, आणि पिनेपासून दांड्याचं भोक किती अंतरावर, किती कोनात. एकाच नमुन्याचं माप घेऊ नका. दहा चांगले घ्या, कारण शंभर वर्षांत लाकूड प्रत्येकाचं वेगळं आटलेलं असतं.

तीन, नवीन केलेलं बट मध्ये लावू नका! सगळ्यात वरची, ८५ वी पट्टी कोण वाजवतं? तिचं मूळ बट काढून मध्ये आणा आणि तुमचं नवं तिकडे टोकाला बसवा. खर्जाकडचं घेऊ नका, तिथे दांडे तिरपे असतात. हातोडीचं फेल्टचं डोकं माझ्याकडच्या डब्यातून देतो, जुन्यांचा साठा आहे.

पेटीवाला (नांदेड)

तारसप्तक काका बरोबर सांगू लाले. आमचा धंदा पायपेटी-हातपेटीचा, वडिलांपासून. पियानो मी दोनच उघडले, पण फिती आणि चामडं आमच्या हातातलं काम आहे.

फितीसाठी शिंप्याकडची सहा मिलिमीटरची सुती टेप घ्या. नायलॉनची नको, ती ताणते. टोकाला भात्याचं पांढरं मऊ चामडं, बोटाच्या नखाएवढं, त्याला भोक. ८५ चामडी कापायची तर पंच वापरा, कात्रीने दोन सारख्या होत नाहीत. आणि चिकटवायला सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद). सरसच.

मोमिनाबादी

फितीवरून आठवलं. आमच्याच गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, चाळीस फूट कापडावर लिहिलेलं 'पंचीकरण' (वेदान्तावरचं काव्य). दासोपंत १६१५ ला गेले. ते कापड चारशे वर्षं टिकलं आणि आमच्या फिती उंदरांनी शंभरीही गाठू दिली नाही.

पेटीवाला दादा, सरस का? फेविकॉल चालणार नाही का?

पेटीवाला (नांदेड)

चालंल. तुम्हाला चालंल, तुमच्यानंतर जो उघडंल त्याला नाही चालायचं. सरस गरम ओल दिली की सुटतो. पांढरा गोंद सुटत नाही, लाकूडच सोलून निघतं. रात्री थंड पाण्यात दाणे भिजवा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम करा, उकळी आणू नका. साठ-पासष्ट अंशाच्या वर नेला की त्यातला दम जातो. आमचे वडील थर्मामीटर वापरत नव्हते, बोट बुडवायचे. बुडवून ठेवता आलं नाही पाहिजे आणि भाजलं पण नाही पाहिजे.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

वाळूज एमआयडीसीत टूलरूमवाला (कारखान्यांचे साचे-हत्यारं बनवणारा) आहे, शिक्षण इंडो-जर्मन टूलरूमला. एवढ्याशा पार्टसाठी कशाला लाकूड? फ्लँज व्हर्नियरने मोजा, मला आकडे द्या, थ्रीडी प्रिंटरवर तासाभरात तीन काढून देतो.

मोमिनाबादी

वाळूजकर, नेकी और पूछ पूछ! आकडे व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलेत. दहा चांगल्या फ्लँजची सरासरी: स्क्रू ते पिन १९.८ मिमी.

तारसप्तक (पुणे)

प्रयोग म्हणून करा. माझा विश्वास नाही, पण मी म्हातारा आहे.

काळीपाच (छत्रपती संभाजीनगर)

मी गाणं शिकवते, पियानो माझा विषय नाही, पण हस्तिदंताबद्दल एक. माझ्या ओळखीत एकांनी जुने हस्तिदंताचे तुकडे विकत शोधायचा घाट घातला होता. कृपया त्या फंदात पडू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, १९९१ च्या दुरुस्तीनंतर बाहेरून आलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापारही आपल्याकडे बंद झाला. पट्टी वाजायला पांढरं प्लास्टिक पुरतं.

आणि जे हस्तिदंत शिल्लक आहे त्याचा पिवळेपणा घासून काढू नका. झाकण बंद राहिलं की ते पिवळं पडतं, उजेडात परत उजळतं. बरण्या उतरवल्यात तर झाकणही उघडं ठेवा!

मोमिनाबादी

ताई, धन्यवाद. एक गंमत त्यामुळेच दिसली. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक हस्तिदंती पट्टीला दोन्ही बाजूंना बारीक पिना ठोकलेल्या आहेत.

तारसप्तक (पुणे)

म्हणजे तो खास उष्ण देशांसाठी बांधलेला आहे. नुसत्या सरसावर भरवसा नको म्हणून हस्तिदंताला पिना, सांध्यांना जागोजागी स्क्रू, पितळी पट्ट्या. विलायतेतून हिंदुस्थानात येणाऱ्या पियानोंना हे करत. तुमच्या पियानोची पाठ अजून उकललेली नाही ती यामुळेच.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

प्रिंट काढले. मस्त आले, अगदी हुबेहूब. कुरिअर न करता मावसभाऊ अंबाजोगाईला निघाला होता त्याच्याकडे दिलेत.

मोमिनाबादी

मिळाले. पण वाळूजकर, रागावू नका. मावसभावाने पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं होतं. एप्रिलची दुपार, बीडच्या पुढे जेवायला थांबले तासभर. माझ्या हातात आले तेव्हा कान एकमेकांकडे पाहून हसत होते. फोटो टाकतोय.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

अरे देवा. पीएलए (प्रिंटरचं प्लास्टिक) साठ अंशाला मऊ पडतं. डॅशबोर्डवर तेवढं सहज होतं. चूक माझी, दुसरं मटेरियल वापरायला हवं होतं.

शंकासुर (लातूर)

मराठवाड्यात एप्रिलमध्ये माणसं मऊ पडतात, तुम्ही प्लास्टिकचं काय घेऊन बसलात.

तारसप्तक (पुणे)

उष्णतेचं सोडा, अजून एक आहे. भरीव पीएलए मेपलच्या लाकडापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड. एका फ्लँजला फरक पडणार नाही, ती जागेवरच असते. पण बट हलतं. तिथे जड झालं की ती पट्टी बोटाला मंद लागते. लाकूडच घ्या.

मोमिनाबादी

लाकूड कुठलं? मूळ लाकूड फिकट, अगदी बारीक रेषांचं आहे. इथे सुताराला दाखवलं तर म्हणाला सागात करून देतो.

सुतारपक्षी (जालना)

सागात नको! साग दारं-खिडक्यांना राजा, पण तेलकट आणि फटकन चिरतो. एवढासा कान त्यात टिकायचा नाही, सरसही नीट धरत नाही. मूळ मेपल किंवा हॉर्नबीम असणार, ते आपल्याकडे नाही. आपल्याकडे हेद बघा, काही जण हळदू म्हणतात, पिवळसर, घट्ट. कापडगिरण्यांच्या बॉबिन याच लाकडाच्या करत, म्हणजे लेथवर, बारीक कामाला किती चांगलं ते समजा. नाहीतर काळा कुडा, पांढराशुभ्र, हस्तिदंतासारखा. चन्नपट्टणची खेळणी त्याचीच. धावडा चिवट असतो पण कुऱ्हाडीच्या दांड्याला, इथे तुमची पटाशी बोथट करील.

जुनं, वाळलेलं घ्या. वखारीतून ताजं आणलं तर मे महिन्यात भोकाचा लंबगोल होतो.

मोमिनाबादी

हेद मिळाला! परळीजवळ एका जुन्या जिनिंगच्या भंगारात मोडके बॉबिन आणि एक जाड फळी. फळी पन्नास-साठ वर्षं तरी वाळलेली असेल.

मधल्या काळात फाशांचं काम केलं. मूळ दोरा रेशमी वाटला. घरात आईच्या एका विरलेल्या पैठणीचे दशांचे धागे होते. आत्याने (हो, तीच, आता ७४ वर्षांची) सहा धागे एकत्र पिळून दोरा केला. पहिले पाच फासे लावले आणि पाच हातोड्या पाच वेगवेगळ्या तऱ्हेने परतू लागल्या! फासा मिलिमीटरभर लांब झाला तरी स्प्रिंग ढिली पडते. मग एका लाकडी ठोकळ्यावर दोन खिळे ठोकले, त्यांच्याभोवतीच प्रत्येक फासा बांधायचा आणि सरसाचा थेंब वाळेपर्यंत काढायचा नाही असं केलं. १४ च्या १४ एकसारखे. आत्या म्हणाली, "माझ्या पैठणीने नाही, आईच्या पैठणीने वाजतोय." तिची आई म्हणजे माझी आजी. पैठणी माझ्या आईची की आजीची, तो वाद अजून चालू आहे.

पेटीवाला (नांदेड)

लई भारी. पण धागा पिळल्यावर मेण लावलं का? नसंल तर लावू नका आता. सरस मेणावर धरत नाही.

मोमिनाबादी

नाही लावलं. नशीब.

फ्लँजसाठी इथल्या सुतारदादांनी शक्कल काढली. एकेक कोरण्यापेक्षा लांब पट्टीला तो आकार द्यायचा आणि मग अळूवडीच्या उंड्यासारख्या चकत्या कापायच्या. सहा निघाल्या. भोकं पाडली, कापडाच्या नळ्या बसवल्या, पिना घातल्या. आणि पहिल्या संध्याकाळी, वाजवताना नाही, नुसता स्क्रू आवळताना, सहापैकी चार बिस्किटासारख्या मोडल्या. कान कटकन वेगळे. लाकूड चुकलं का? हेद खराब होता का?

सुतारपक्षी (जालना)

मोडलेल्या कानाचा फोटो टाका. मोड कुठून गेली ते दिसू द्या.

मोमिनाबादी

हा घ्या. मोड अगदी सरळ, आरशासारखी.

सुतारपक्षी (जालना)

वाटलंच. लाकूड चांगलं आहे, रेषांची दिशा चुकलीय. पट्टी लांबीच्या दिशेने कापली ना? म्हणजे रेषा पट्टीच्या लांबीला. चकती कापली की रेषा कानाला आडव्या आल्या. कान म्हणजे काडीपेटीची काडी समजा. काडी उभ्या रेषेची असते म्हणून मोडत नाही, आडव्या रेषेची काडी फुंकर मारली तरी तुटंल.

फळीवर आकार रेषेला आडवा घ्यायचा. म्हणजे फळीच्या रुंदीच्या दिशेने पट्टी. मग चकतीत रेषा स्क्रूपासून कानाच्या टोकापर्यंत उभ्या जातात. पट्टी तुमची फळी रुंद असेल तेवढीच निघते, वीत-दीड वीत. पुरे झाली की. तुमच्या मूळ फ्लँजवर भिंग धरा, रेषा तशाच दिसतील.

तारसप्तक (पुणे)

शंभर टक्के. कारखान्यांतही असंच करत. आणि एक विचारतो: भोक कधी पाडलंत, खाच कापायच्या आधी की नंतर?

मोमिनाबादी

नंतर. आधी खाच, मग दोन्ही कानांना एकेक भोक.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

इथे मी बोलू शकतो! आधी भोक, मग खाच. ठोकळा भरीव असताना एकाच दमात आरपार ड्रिल मारायचं, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत. नंतर मारलं तर पहिल्या कानातून निघताना ड्रिल भरकटतं आणि आतून टवका उडतो.

हिशोब करा. कान ते कान अंदाजे १० मिमी. दोन भोकांत फक्त ०.१ मिमी फरक. पिनेपासून हातोडीच्या टोकापर्यंत किती आहे?

मोमिनाबादी

मोजलं. १३ सेंटिमीटर.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

मग टोकाला तो फरक १.३ मिमी होतो. एका सुराला तीन तारा, हातोडी तिरकी गेली की एक तार सुटणार किंवा शेजारणीला घासणार.

मी असं करतो: पार्ट नाही, जिग (काम जागेवर धरणारा साचा) प्रिंट करून देतो. ठोकळा त्यात ठेवायचा, वरून पोलादी बुश (नळी), ड्रिल त्यातून सरळ जाईल. जिग मऊ पडलं तर पडू द्या, त्याचं काम दहा मिनिटांचं. यावेळी डिकीत ठेवायला सांगतो, डब्यात, वर ओलं फडकं.

शंकासुर (लातूर)

माठात ठेवा.

काळीपाच (छत्रपती संभाजीनगर)

शंकासुर, विका म्हणणारे तुम्हीच ना? रोज येऊन वाचताय हो.

शंकासुर (लातूर)

बाई, मालिका बघण्यापेक्षा बरं.

मोमिनाबादी

दुसरी खेप झाली. रेषा उभ्या, भोक आधी, खाच नंतर. नऊ चकत्या काढल्या, एकही मोडली नाही. मुद्दाम एक पकडीने दाबून मोडली, तर सरळ न मोडता सालपट काढत मोडली. सुतारदादा स्वतःहून म्हणाले की आता कळलं विलायतेचे लोक एवढ्याशाला एवढं का भरतात.

बट मात्र हाताने कोरलं. पटाशी, कानस, पॉलिश पेपर, चार संध्याकाळी. तारसप्तक काकांच्या सांगण्याप्रमाणे ते ८५ ला गेलं आणि ८५ चं मूळ बट मधल्या पांढऱ्या एकला आलं.

पिनेचा प्रश्न आहे. पिना जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या, पण अर्ध्या-अर्ध्या नंबरने वाढतात. नवीन फ्लँजमध्ये कुठली घालायची कसं कळणार?

तारसप्तक (पुणे)

फ्लँज धरून हातोडी लंबकासारखी सोडा. पाच-सहा झोके घेऊन थांबली तर बरोबर. दोनमध्ये थांबली तर घट्ट, डझनभर हलत राहिली तर सैल. सैल पिनेची हातोडी खडखडते, घट्ट पिनेची परत येत नाही. तुमच्याकडे कोरड्या दिवसांत जे सैल वाटेल ते श्रावणात घट्ट होईल, म्हणून आता किंचित सैलच ठेवा.

तारांचं काय केलंत?

मोमिनाबादी

तेच विचारणार होतो. खर्जाच्या दोन नाहीतच. तुकडेही नाहीत. भाच्याने सतारीची तार आणलीय.

तारसप्तक (पुणे)

भाच्याला परत द्यायला सांगा. सतारीची बाजाची तार ०.३० मिमीच्या आसपास. पियानोची अगदी बारीक तारसुद्धा पाऊण मिलिमीटरच्या वर, आणि एकेकीवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण. सगळ्या मिळून पंधरा-वीस टन, उगाच बिडाचा सांगाडा लागत नाही. तुमची तर खर्जाची, म्हणजे पोलादी तारेवर तांब्याचं वेटोळं. ती ऑर्डर देऊन वळून घ्यावी लागते.

हरवलेल्या तारेचं माप शेजारणींकडून मिळतं. डावी-उजवी दोन्ही मायक्रोमीटरने मोजा: आतली पोलादी तार किती, वेटोळ्यासकट किती. हरवलेली त्यांच्या मधली. लांबीसाठी जिथे तार अडकते त्या खुंट्यांवर आणि पुलाच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) पिनांवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, नाण्याचा ठसा लहानपणी काढायचो तसा. तो कागदच वळणाऱ्याला पाठवा, टेपने मोजलेले आकडे नको. वेटोळं कुठे सुरू होतं, कुठे संपतं तेही त्याच्यावर खूण करा.

बाकीच्या खर्जाच्या तारा मेल्यासारख्या वाजत असतील तर टाकू नका. सैल करून, अडकवायचं टोक काढून, वेटोळ्याच्या दिशेने एक पूर्ण पीळ द्या आणि परत लावा. निम्म्या तरी बोलू लागतात.

मोमिनाबादी

कागद घासून पाठवला. एकवीस दिवसांनी तारा आल्या, दोन्ही बसल्या. पीळ देण्याचा उपाय नऊ तारांवर केला, सहा बोलल्या, एक तुटली (माझा हात), दोन गप्पच.

सूर ४४० ला (आजच्या ठरलेल्या सुराला) न नेता अर्ध्या सुराने खाली ठेवलाय. खुंट्यांचं लाकूड जुनं आहे, काकांनी तसंच सांगितलं होतं. काळीपाच ताई, त्यामुळे आत्या पांढरी एक दाबते आणि पेटीवरच्या पांढऱ्या एकशी जुळत नाही म्हणून चिडते.

काळीपाच (छत्रपती संभाजीनगर)

मग पेटीवाल्याला एका पट्टीने सरकायला सांगा. भजनात रोज सरकतात.

मोमिनाबादी

ऑगस्ट अपडेट. घरातलं हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं) मे महिन्यात १८ टक्के दाखवत होतं, आज ७६. अकरा हातोड्या अडकतात. गंमत म्हणजे त्यात हेदाची एकही नाही, सगळ्या मूळच्या पॅरिसच्या.

तारसप्तक (पुणे)

पाणी आणि स्पिरिट मिसळून सुईने एकेक थेंब पिनेच्या कापडाला द्या. कापड आधी फुगतं, वाळताना आकसतं, तेवढी जागा होते. एका दिवसात उत्तर नाही मिळणार, दोन दिवस थांबा. आणि ड्रायर लावू नका, एकाने लावला होता.

मोमिनाबादी

दहा सुटल्या. अकरावी, काळी तीन, अजून रुसलीय. तिची पिन बदलेन.

घोडेगाडी (हिंगोली)

धागा आज पहिल्यांदा वाचला, एका बैठकीत. आमच्याकडेही छावणीच्या काळातला एक आहे, तसाच शिक्का, तसेच फासे. सात फ्लँजचे कान मोडलेत. तुकडे आहेत सगळे, आईने दाराच्या मागे डब्यात ठेवलेत. कुणी करून देईल का?

मोमिनाबादी

घोडेगाडी, हेदाची पट्टी अजून वीतभर शिल्लक आहे, भोक पाडलेली, खाच न कापलेली. तुमच्या दहा चांगल्या फ्लँजचं स्क्रू ते पिन माप कळवा. १९.८ च्या जवळ असेल तर सुतारदादांना रविवारी सात चकत्या कापायला सांगतो. दोन जास्तीच्या टाकतो, एखादी तुमच्याकडूनही मोडेल.